जॅव्हलिनचा क्रँक

गाडी विकली गेली, पैसे पोचले, फाइल बंद झाली. ऑफिसच्या हिशेबाने या प्रकरणात काही उरलेलं नाही. मला मात्र ती अधूनमधून रात्री आठवते, म्हणून लिहून काढतेय.

मी उत्तर इंग्लंडमध्ये एका जुन्या गाड्यांच्या लिलावघरात काम करते. कॅटलॉगमधला गोड मजकूर दुसरे लिहितात, माझ्याकडे असतो कंडिशन रिपोर्ट. गाडीखाली शिरायचं आणि दिसेल ते लिहायचं. मात्र काहीही खोलायचं नाही आणि गंजात स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही, कारण हातोडा पडेपर्यंत गाडी विकणाऱ्याची असते. हाताशी उरतात टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि कान. बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून खड्डे बुजवायची लांबी कुठे भरलीय ते ओळखायला मी तिथे शिकले. त्या विद्येवर इथे यॉर्कशरमध्ये पगार मिळतो, याचं बाबांना शेवटपर्यंत हसू यायचं.

तर फेब्रुवारीत जॉवेट जॅव्हलिन आली. 1951 ची, काळी. नंबरप्लेटवरच्या अक्षरांत शेवटी केडब्ल्यू, म्हणजे मूळ ब्रॅडफर्डचीच नोंदणी. मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबवत नाही. त्यांचे वडील जॉवेटच्या कारखान्यात होते. कारखाना ब्रॅडफर्डला लागून असलेल्या आयडल गावात होता. आयडल म्हणजे रिकामटेकडा, आणि त्या गावात खरोखरच 'आयडल वर्किंग मेन्स क्लब' आहे. हा विनोद आजोबांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितला. इथला प्रत्येक म्हातारा सांगतो.

जॅव्हलिन म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. युद्ध चालू असतानाच जेराल्ड पामर नावाच्या तरुण इंजिनिअरने ती आखायला घेतली, 1947 पासून विक्री सुरू झाली. बाकीच्या बऱ्याच ब्रिटिश कंपन्या तेव्हा युद्धाआधीचेच साचे झटकून गाड्या विकत होत्या. हिने मागचा भाग उतरता केला, चारही चाकांना टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, दिल्या आणि नाकात 1486 सीसीचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन ठेवलं, दोन इकडे, दोन तिकडे. रेडिएटर इंजिनच्या मागे. पहिल्यांदा बॉनेट उघडणारा माणूस हमखास गोंधळतो. 1949 च्या माँटे कार्लो रॅलीत ती आपल्या वर्गात पहिली आली. एवढी हुशार गाडी, आणि कंपनी छोटी. गिअरबॉक्स घरीच बनवायला घेतले आणि ते जमेनात. तिकडे डॉनकास्टरहून बॉड्या मात्र ठरल्या वेगाने येत राहिल्या आणि साठत गेल्या. मग बॉड्या बनवणारी ब्रिग्ज कंपनीच 1953 मध्ये फोर्डच्या हातात गेली. गाड्या बनवणं संपलंच. सगळ्या मिळून तेवीस हजारांच्या आसपास जॅव्हलिन झाल्या.

आणि तिचं दुखणं होतं क्रँक, पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा इंजिनाचा कणा. सुरुवातीच्या क्रँकचे वेब, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांना, जर्नलना, जोडणारे हात, गोल होते. ते तुटायचे. भर रस्त्यात, काही न सांगता. पुढे कंपनीने अंडाकृती वेबचा क्रँक काढला आणि तो रोग बरा झाला, पण तोवर गाडीच बंद पडायला आली होती. जॉवेटवाल्यांच्या तोंडी 'ओव्हल वेब' हे दोन शब्द आपल्याकडे 'खात्रीचं सोनं' म्हणावं तसे येतात.

आता आमची गाडी. वरून बघावी तर देखणी. चुंबक फिरवलं आणि दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, ते दोन्ही बाजूंनी सुटून पडलं. डावीकडे वीतभर लांब, उजवीकडे त्याहून जास्त. वाजवलं तर मडक्यासारखा बद्द आवाज. खाली शिरले तर अॅल्युमिनियमचे तुकडे रिव्हेट मारून वर काळा डांबरी लेप. मागच्या टॉर्शन बारच्या बैठकीजवळ पत्र्याची पापडी झालेली, हात लावला की भुगा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्राच तिची हाडं आहेत. चाळीस वर्षांवरच्या गाडीत मोठे बदल केलेले नसले तर इथे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणारी दरवर्षीची एमओटी तपासणी माफ आहे. 'माफ' म्हणजे 'ठीक' असं समजणारे लोक मी रोज बघते, आणि त्यांच्या मागून त्याच रस्त्यावर घरी जाते.

मग मी इंजिन सुरू केलं. पहिल्याच झटक्याला धरलं. त्या आडव्या इंजिनाचा एक बसका, घोगरा ताल असतो, तो घड्याळासारखा. तेलाचा दाब भरपूर. पाण्यात तेल नाही, तेलात पाणी नाही. आश्चर्य वाटलं, कारण या इंजिनात प्रत्येक लाइनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, ब्लॉकच्या पातळीपेक्षा नेमका केसभर वर उभा राहावा लागतो, नाहीतर तेल-पाणी वेगळं ठेवणारं हेडगॅस्केट गेलंच समजा.

आजोबांनी बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. आत पन्नास वर्षांची बिलं, आणि एक फोटो. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर वर्तमानपत्र, एका कडेला लोकरीची टोपी घातलेली चहाची किटली, आणि मधोमध क्रँक. मी फोटो खिडकीपाशी नेला. वेब अंडाकृती. फोटोच्या मागे पेन्सिलने चार आकडे, चारही लाइनरची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. चौघांत फरक जवळजवळ नाही.

"हे कुठल्या गॅरेजमध्ये केलं?" मी विचारलं.

"गॅरेज कसलं, पोरी. 1986 चा हिवाळा. बायको दोन महिने मांडीवर ताट घेऊन जेवली."

तो क्रँक त्यांना कुठल्याशा शेडमध्ये तेलकट कापडात बांधलेला मिळाला होता. जाताना ते मला म्हणाले, "चालवणाऱ्याला गेली पाहिजे. शोभेला नको, आणि तोडायला तर नकोच." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

रिपोर्ट मी मन लावून लिहिला. आमच्या पुढच्या ऑफिसात ट्वीडचे कोट घालून बसणारे लोक गंजाला 'पॅटिना' म्हणतात आणि बंद गाडीला 'उभी केली तेव्हा चालू होती' म्हणतात. त्या भाषेचा मला राग आहे, तो बहुतेक या रिपोर्टात उतरला. सिल, रिव्हेट, टॉर्शन बारची बैठक, सगळं इंचात मोजून लिहिलं. आणि इंजिनबद्दल पूर्ण परिच्छेद: ओव्हल वेब, लाइनरच्या उंच्या, फोटो. खरं सांगायचं तर तो परिच्छेद मी दोनदा वाचला, स्वतःच्याच कौतुकाने. अंदाजे किंमत माझ्यामुळे पाच-सात हजार पौंडांवरून चार-पाच हजारांवर आली. साहेब म्हणाले, "तू विकणाऱ्याच्या बाजूची आहेस की घेणाऱ्याच्या?"

बघायला ठेवण्याच्या दिवशी एक जोडपं आलं, तिशीतलं, बरोबर लहान मुलगी. मुलगी पुढच्या सलग सीटवर आडवी झाली आणि उठेचना. नवऱ्याच्या हातात माझा रिपोर्ट छापलेला, रेघा मारलेला. असा वाचक वर्षातून एखादा भेटतो, बाकीचे इंटरनेटवर बोली लावून नंतर फोन करून भांडतात.

"पत्र्याचं काम किती होईल?" त्याने विचारलं.

"बाहेर करून घेतलंत तर गाडीच्या किमतीच्या दुप्पट तरी."

तो हसला, पण बायकोकडे बघून.

दुसरा एक साठीचा गृहस्थ आला. त्याने बाहेरून गाडी बघितलीच नाही. बॉनेट उघडायला लावलं, इंजिन ऐकलं, फोटो मागितला, स्वतःच्या भिंगाने बघितला, परत दिला. दाराला हातसुद्धा लावला नाही. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलंही असेल.

जॉवेटनेच ज्युपिटर नावाची स्पोर्ट्स कार बनवली होती, जेमतेम नऊशे. ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत 1950, 51 आणि 52, सलग तीन वर्षं आपल्या वर्गात पहिली. आज ती जॅव्हलिनच्या कितीतरी पट किमतीला जाते. आणि तिच्यात इंजिन असतं जॅव्हलिनचंच, जरा जास्त ताकदीचं. ज्युपिटर जगवण्यासाठी आजवर कितीतरी जॅव्हलिन कापल्या गेल्यात. हे मला माहीत होतं. रिपोर्ट लिहिताना आठवलं नाही, असं मी म्हणते.

लिलाव चार मिनिटांचा. जोडपं तीन हजार आठशेपर्यंत आलं. चार हजारांवर नवऱ्याने हातातल्या कागदाकडे बघितलं आणि मान हलवली. हातोडा चार हजार दोनशेला पडला, भिंगवाल्याच्या नावावर.

तो ट्रेलर घेऊन आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले. माणूस सभ्य. लपवाछपवी नाही. "तुमचा रिपोर्ट फार उपयोगी पडला," म्हणाला. "माझ्या ज्युपिटरला गोल वेबचा क्रँक आहे, झोप लागत नव्हती. दारं आणि काचा क्लबातल्या लोकांना देईन, काही वाया जाणार नाही." बिस्किटांचा डबा त्याने पुढच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावून बांधला.

साहेबांना विचारलं, विकताना 'तोडू नये' अशी अट घालता येते का? ते म्हणाले, घालता येते, मग त्या गाडीला कोणीही बोली लावत नाही. त्यांचं चूक नाही. सिलचं लपवलं असतं तर ती मुलगी त्या सीटवर बसून मोटरवेवर गेली असती, हेही मी स्वतःला सांगते. पण क्रँकचा तो परिच्छेद? तो लिहिलाच पाहिजे असा नियम कुठेच नाही. दोष सांगणं हे माझं काम आहे. गुण मी हौसेने सांगितला.

जूनमध्ये आजोबांचा फोन आला. आधी हवा, मग गुडघा, मग विषय निघाला.

"कोणी घेतली? जॉवेटवाला आहे का?"

"हो. ज्युपिटर आहे त्याच्याकडे."

"अरे वा. म्हणजे जाणकार आहे." थोडा वेळ गप्प. "चालवतो ना?"

मी म्हणाले, "इंजिन उत्तम चालतंय, असं कळवलंय त्याने."

"चालणारच. त्या क्रँकला काही होणार नाही, मी सांगतो ना," ते म्हणाले, आणि लाइनरची उंची त्या हिवाळ्यात कशी मोजली ते मला पहिल्यापासून सांगायला लागले.