गढूळ पाण्याची धार

दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, धानाच्या बांधीत चालले होते. पायाला गार चिखल लागला. त्या जागी कधी चिखल नसतो. वाकून पाहिलं तर पाळीच्या बुडातून करंगळीएवढी धार वाहत होती.

तशीच धावत गावात आले. तलावाचं पाणी वाटण्यात ज्यांचा जन्म गेला ते शेजारचे काका काठी टेकत आले. त्यांनी ओंजळीत पाणी धरलं आणि उन्हाकडे करून पाहिलं. "गढूर पानी हाय, सूनबाई. पार आतून चालली." झाडीतली, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, जुनी माणसं पाळीला पारच म्हणतात. निवळ पाणी पाझरलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. गढूळ आलं की समजायचं, पाण्यासोबत पाळीची माती निघत आहे.

पोरं चुंगड्या, म्हणजे पोती, घेऊन धारेचं तोंड बुजवायला निघाली, तर काका ओरडले. तोंड बंद केलं की पाणी दुसरीकडून फोडतं. मग धारेवर वाळू टाकली, वर गिट्टी, आणि भोवती मातीच्या चुंगड्यांचं कडं केलं. संध्याकाळी धार चालूच होती, पण पाणी निवळलं होतं. त्या रात्री बॅटऱ्या घेऊन आम्ही पाळीवरच बसलो. खाली सगळ्या गावाचं धान उभं होतं.

आमचा तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. गावाचा सारा गोळा करणारा जमीनमालक तो मालगुजार, आणि तलाव त्याच्याकडे असायचा. गोंड राजांच्या काळात कोहली समाजाच्या लोकांनी भंडारा-चंद्रपूरकडे असे कितीतरी तलाव बांधले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. गावाचा निस्तार हक्क, म्हणजे तलावाचं पाणी वापरायचा हक्क, राहिला, पण पाळीवर घरटी एक माणूस पाठवायची रीत आमच्याकडे हळूहळू सुटली. पाळ आता सरकारची, असं आम्हीच म्हणू लागलो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पाणी घ्यायचं तर आम्ही एक दिवसही सोडलं नव्हतं.

दुरुस्तीचा अर्ज दिला. अंदाजपत्रक होईल, असं उत्तर आलं. उन्हाळा लागला तरी ते झालं नव्हतं. मग ग्रामसभेत ठराव घेतला, घरटी शंभर रुपये वर्गणी काढली आणि सकाळी सहा ते दहा कामाला लागलो.

खोदलं तेव्हा कळलं. बेशरमाच्या झुडपांची मुळं पाळीत हातभर आत शिरली होती, त्यांच्याच आडोशाने उंदरांची बिळं. पोकळ भाग पक्की माती लागेपर्यंत काढला. आम्ही बायांनी तलावातला काळा गाळ टोपल्यांनी आणला, तो काकांनी परत पाठवला. गाळ शेतात टाका, पाळीला चिकण माती आणा. माती ओली करायची, वीतभर थर द्यायचा, धुम्मसानं ठोकायचा, मग दुसरा थर. टाचेचा ठसा उमटला की तो थर पुन्हा ठोकायचा. सात दिवस हेच चाललं. माझे तळहात सोलले, तरी रोज पहाटे मी सगळ्यांच्या आधी पोहोचायची.

एक चूक झाली. बेशरम कापून आम्ही पाण्याच्या कडेलाच टाकलं. पावसात त्या कांड्यांना मुळं फुटली आणि रोवणी आटपेपर्यंत पुन्हा रान झालं. पुढच्या उन्हाळ्यात मुळासकट उपटलं, दूर बरड जमिनीवर वाळवलं आणि जाळलं. आता मृगाच्या आधीचे दोन दिवस पाळीचे. घरटी एक माणूस. ज्यांच्या घरी कोणी नाही, त्यांचं काम शेजारी करतात.

यंदा पोळा झाल्यावर मी मुद्दाम अनवाणी त्याच जागी गेले. माती कोरडी होती. चार हात पुढे मात्र खेकड्याचं ताजं बीळ दिसलं. तिथे पळसाची फांदी रोवून खूण करून आले आहे.