ताळेबंदातला राखीव निधी

शेती करणाऱ्या एका ना-नफा संस्थेला देणगीदाराचं पत्र आलं. तुमचा राखीव निधी १० वर्षांत दुपटीच्या वर गेलाय, मग आणखी पैसे कशाला हवेत? उत्तराचं काम माझ्याकडे आलं.

सगळे ताळेबंद शेजारीशेजारी मांडले. वाढ खोटी नव्हती, पण ती पैशांत नव्हती. संस्थेचे हिशेब आंतरराष्ट्रीय लेखा मानकांप्रमाणे असतात. त्यातल्या शेतीविषयक मानकानुसार, म्हणजे आयएएस ४१ नुसार, जनावरं आणि उभं पीक बाजारभावातून विक्रीखर्च वजा करून दाखवायचं आणि मूल्य वाढलं की ती वाढ त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरायची. कालवडी मोठ्या झाल्या, वाढावा दिसला, बँकेत दमडी आली नाही. फळझाडं २०१६ पासून आयएएस १६ मध्ये, म्हणजे इमारती-यंत्रांसारख्या मालमत्तेच्या मानकात, यंत्रांच्या पंगतीला गेली. तो बदल करताना तेव्हाचा बाजारभावच मूळ किंमत मानायची मुभा होती. संस्थेनं ती घेतली आणि बागेचा फुगवटा निधीतच राहिला. उरलेल्यातला मोठा हिस्सा बंधित, ठरावीक प्रकल्पाबाहेर हात लावता येत नाही असा.

वर्षअखेरही सुगीचा माल विकल्यानंतरच येते, म्हणजे खात्यात सर्वांत जास्त पैसे असतात तेव्हा. म्हणून मी महिनावार शिल्लक काढली. खजिनदारांनी पेन्सिल एकेका ओळीवरून खाली नेली आणि पेरणीच्या महिन्याशी थांबवली. ‘अहो, यात मजुरीसुद्धा निघत नाही.’ दर वार्षिक सभेत गंगाजळी भक्कम असल्याचं तेच सांगत आले होते, तेही मनापासून. ताळेबंद वाचून दुसरं काय सांगणार?

मला राग देणगीदारांचा येतो. ट्रॅक्टर देतात, पण तो जुना झाल्यावर नवा कशातून घ्यायचा याला त्यांच्या अर्जात जागा नसते. अनुदान आधी खर्च करा, मग मागा, या पद्धतीनं देतात. तोवर खेळतं भांडवल संस्थेनंच उभं करायचं. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका निधी असावा, हा सर्वसाधारण ठोकताळा दर महिन्याला पैसे येणाऱ्या संस्थांना ठीक आहे. इथे हंगाम बुडाला तर पुढच्या सुगीपर्यंत उत्पन्न नाही, आणि जनावरांचा चारा मात्र रोज लागतो. माझ्या मते एका पूर्ण हंगामाचा खर्च आणि वर पुढच्या पेरणीचं बियाणं, एवढं रोखीत हवंच.

उत्तराच्या नमुन्यात ‘राखीव निधी’ला एकच रकाना होता. मी त्यात फक्त अबंधित रोख भरली आणि महिनावार तक्ता सोबत जोडला. एका विश्वस्तांना ते पटलेलं नाही. आकडा इतका लहान दिसला तर संस्था डबघाईला आलीय असं वाटून देणगीदारच मागे हटेल, असं त्यांचं म्हणणं आहे. ती भीती मला खोडून काढता आलेली नाही.