खुनानंतरचं गाणं

शेजारच्या आजोबांचा नियम कडक आहे. रेकॉर्ड सुरू असताना बोलायचं नाही, फोन बघायचा नाही आणि मधलं गाणं गाळायचं नाही. गाडी चालवता चालवता निम्मी गाणी पुढे ढकलणाऱ्या माझ्यासारखीला हा जाचच. पण टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये राहून कंट्री गायक विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम सलग ऐकलेला नाही म्हटल्यावर त्यांनी असं काही पाहिलं, की मी मुकाट खुर्चीत बसले. तुमच्यापैकी जे येऊन गेले, त्यांना मी सेकंड स्ट्रीटवर ज्या वेणीवाल्या बाबाच्या पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढते, तोच हा.

आमच्या मराठी मंडळात कंट्रीवरचा, म्हणजे इथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांवरचा, विनोद ठरलेला आहे: ट्रक, बिअर आणि पळून गेलेली बायको. या अल्बममध्येही बायको जातेच. साल 1901. एका धर्मोपदेशकाची बायको जुन्या प्रियकराकडे परत जाते. आधी त्याला ते खरंच वाटत नाही, मग तो रडतो आणि मग घोड्यावर बसून निघतो. दोघं त्याला एका गुत्त्यात सापडतात. तो आत येताना ती दोघं एकमेकांकडे बघून हसतात, आणि ते हसू मावळायच्या आत मेलेली असतात. खून एवढ्यावर आटोपतो. ना बंदुकीचा आवाज, ना संगीताचा कल्लोळ.

आणि लगेच पुढचं गाणं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन'.

हे मी इथल्या किराणा दुकानात ऐकलंय, दाताच्या डॉक्टरकडे ऐकलंय, एका निरोप समारंभात तर सगळ्यांनी मिळून गायलंय. पावसात रडणारे निळे डोळे, शेवटची भेट, आता वर गेल्यावर हातात हात घालून फिरू. गोड विरहगीत. फ्रेड रोझने ते 1940च्या दशकात लिहिलं, रॉय अकफने गायलं, या उपदेशकाशी त्याचा काही संबंध नव्हता. नेल्सनने फक्त ते खुनानंतर ठेवलं. आता वर भेटू म्हणणाऱ्यानेच तिला वर धाडलेलं असतं! तेच शब्द, तीच चाल, आणि माझ्या अंगावर काटा. गाण्यांच्या क्रमाने गोष्ट सांगता येते, आणि गाळायचं नाही हा नियम कशासाठी, दोन्ही एकदमच कळलं.

ध्वनिमुद्रण जानेवारी 1975मध्ये टेक्सासमधल्याच गार्लंडला झालं. गिटार, बहीण बॉबीचा पियानो, माउथ ऑर्गन, मागे हलकासा ठेका. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना हा कच्चा नमुना वाटला. पण करारात शेवटचा शब्द नेल्सनचा होता, त्यामुळे रेकॉर्ड तशीच बाहेर आली. गीतकार म्हणून तो आधीच मोठा होता. गायक म्हणून कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक त्याला याच विरहगीताने मिळवून दिला.

आजोबांनी अभिमानाने विचारलं, तुमच्याकडे आहे का असं काही? मग मी कशाला गप्प बसते! गाण्यांतून अखंड गोष्ट ना? पुणे आकाशवाणी, 1955-56, गदिमा आणि बाबूजी, छप्पन्न गाणी, दर आठवड्याला एक. यांच्या वीस वर्षं आधी. आजोबांनी मान डोलावली. तुलना थोडी ओढूनताणून होती हे मान्य, पण माहेरची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी.

खरा वाद घोड्यावरून झाला. अल्बमच्या नावाच्याच गाण्यात, खुनानंतर तो मनुष्य बायकोची बदामी घोडी मागे बांधून भटकत राहतो. एका गावात एक सोनेरी केसांची बाई त्या घोडीला हात लावते. गोळी. बाईला संध्याकाळी पुरतात आणि हा सुटतो, 'अर्थातच' सुटतो, कारण घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं म्हणून फाशी थोडीच देतात! त्या 'अर्थातच'मध्ये उपरोध आहे, हे मलाही कळतं. तरी दोन बायकांचे मुडदे पडतात आणि दोघींना साधं नाव नाही. हेच गाणं नेल्सन आपल्या मुलांना झोपवताना म्हणायचा म्हणे. गदिमांनी निदान टाकलेल्या सीतेला 'मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे' असं थेट विचारू दिलं. इथे दुसऱ्या बाजूला उपदेशक डेन्व्हरला पोचतो, नाचतो, कुणाच्या तरी मिठीत झोपतो, निवांत होतो. आणि ती बाई कुठे? मी हे जरा मोठ्याने बोलले. आपल्याकडे सगळं आलबेल आहे म्हणून नव्हे. पण 'आता तू कंट्री ऐकायला लागलीस?' म्हणून तिकडे हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ऐकते ती भांडायची सोय ठेवून.

आजोबा उठले आणि त्यांनी त्याच नेल्सनची 1974ची 'फेझेस अँड स्टेजेस' लावली. एक घटस्फोट, पहिली बाजू बायकोची, दुसरी नवऱ्याची. तिची बाजू घरातली भांडी घासण्यापासून सुरू होते. मग ती निघून जाते, माहेरी येते, परत नाचायला लागते, परत प्रेमात पडायला भिते. अगदी बाईच्या मनातलं.

नवऱ्याचं म्हणणं मी अजून ऐकलेलं नाही. घाई नाही.