लोलयेच्या अंगणातून कैगा

करमल घाट उतरून काणकोणात शिरलं की दक्षिण गोव्याची धावपळ संपते. पाळोळेची गर्दी टाळून आम्ही थेट लोलयेला गेलो. तिथून पोळ्याची हद्द जवळ, पलीकडे कारवार. ज्यांच्या घरी उतरलो त्यांचे मेहुणे आले होते, कैगा अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले काका. मग गालजीबागचा किनारा राहिलाच. सगळी संध्याकाळ अंगणात त्यांच्याशी बोलण्यात गेली, आणि फार बरं झालं.

कैगा पोळ्याहून सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर. काळी नदीच्या काठी, जंगलात, २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. त्यांतली पहिली १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली. तेव्हा तो जागतिक विक्रम होता.

"इंधन बदलायला आमची भट्टी थांबवावी लागत नाही," काका म्हणाले. "नळीच्या दोन्ही टोकांना यंत्रं जोडायची. एकीकडून इंधनाचे नवे बंडल आत, दुसरीकडून जळलेले बाहेर."

"आणि काका, कायमची बंद करायची झाली तर?"

ते जरा थांबले. "आधी इंधन काढायचं, मग जड पाणी, म्हणजे भट्टीची क्रिया चालू ठेवणारं आणि उष्णता वाहून नेणारं खास पाणी. त्यानंतर वाट बघायची."

वाट भट्टीच्या पोलादातला कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू कमी होण्याची. तो दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. पन्नास वर्षांत साधारण सातशेवा हिस्सा उरतो. तेवढं थांबलं तर भट्टी कापून मोडणाऱ्या माणसांना किरणोत्सर्ग कितीतरी कमी लागतो. राजस्थानातली पहिली भट्टी २००४ पासून बंद आहे, पण अजून उभीच आहे.

या मोडणीसाठी अणुविजेच्या दरातच युनिटमागे दोन पैसे घेऊन वेगळ्या निधीत टाकतात. गोव्याच्या वाट्याला तारापूर-काक्रापारच्या अणुकेंद्रांची वीज येते, म्हणजे लोलयेतलं घरही त्यात भर घालतंय. मला हे पटतं: जो वीज वापरतो त्यानेच आवराआवरीचे पैसे द्यावेत, नातवंडांवर टाकू नयेत. पण दोन पैसे पुरतील? काकांना खात्री होती, "साठतात हो, व्याजही धरा." माझं समाधान झालं नाही. अर्ध्या शतकानंतरची मजुरी आज कोण सांगणार?

विक्रमाची बातमी सगळ्यांनी वाचली. या निधीत किती जमलं, खर्चाचा अंदाज किती, हेही दरवर्षी तितक्याच ठळकपणे छापून यायला हवं. कैग्यात ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या व्हायच्या आहेत. त्यांचा दर ठरेल तेव्हाच मोडणीचा आकडा नव्याने तपासा, असं मी काकांना म्हटलं. त्यावर मात्र ते लगेच "हो" म्हणाले.