१४ महिन्यांनंतरचे २२ किलोमीटर

माझी सायकल बंद पडायला एखादा अपघात वगैरे झाला नव्हता. आधी गुडघा कुरकुरत होता, मग पाऊस होता, त्यानंतर कामाचा ताण होता, आणि तो ओसरला तेव्हा मागच्या चाकात हवा नव्हती. अशा रीतीने १४ महिने गेले. यातली शेवटची सबब सर्वांत पोकळ होती, कारण ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू झिरपतच असते. दहा मिनिटे पंप मारण्याचे काम मी ‘एकदा टायरच बदलायला हवेत’ या भारदस्त वाक्याखाली झाकून ठेवले होते.

खरी अडचण निराळीच होती. पूर्वी मी रविवारी ८० किलोमीटर करत असे, त्यामुळे पुन्हा सुरुवात करायची तर निदान ५० तरी व्हायला हवेत, असे मनाने परस्पर ठरवून टाकले होते. ५० झेपणार नाहीत हे ठाऊक असल्याने मी एकही करत नव्हतो. अखेर एका शनिवारी संध्याकाळी, तलावापर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे २२ किलोमीटर, एवढेच ठरवले आणि सायकल कोपऱ्यातून ओढली. मागच्या चाकाच्या तारा आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने जाळे विणले होते. चेनवरून बोट फिरवले तर तेलाऐवजी तांबूस भुकटी लागली. चिंधीने चेन पुसून, पायडल उलटे फिरवत एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडला आणि बाहेर उरलेले तेल पुन्हा पुसून काढले. ते तसेच राहिले तर धूळ चिकटून चेन उलट लवकर झिजते. हवा भरली, ब्रेक दाबून पाहिले. १४ महिने अडलेले काम ४० मिनिटांत संपले, याचा आनंद होण्याऐवजी थोडा रागच आला.

सकाळी सहाला निघालो. पहिल्याच किलोमीटरमध्ये सीट खाली असल्याचे जाणवले. सायकल बंद होण्याच्या सुमारास भाचा ती काही दिवस चालवून गेला होता, हे तेव्हा आठवले. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकत होता. अशा ठेंगण्या सीटवर गुडघ्याच्या पुढच्या भागावर जादा ताण येतो. म्हणजे ज्या गुडघ्याच्या नावाने मी पहिली सबब सांगितली, तो बहुधा दीड इंचासाठी कुरकुरत होता.

सीट वर घेतल्यावर मात्र सायकल अशी पळाली की मला माझेच कौतुक वाटू लागले. ताशी २२ किलोमीटरचा वेग, दम लागलेला नाही, कानाशी वाऱ्याचा आवाजही नाही. खरे तर त्या शांततेनेच सावध व्हायला हवे होते. तलावाच्या काठी पाणी प्यायलो आणि सायकल वळवली, तेव्हा कळले की इतका वेळ वाराच मला ढकलत होता. ताशी १५ किलोमीटरचा वारा पाठीशी असताना २२ च्या वेगाने जाणाऱ्याला समोरून जेमतेम सातचा वारा लागतो. तोच वारा तोंडावर घेऊन १३ ने निघालो तर २८ चा लागतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो सुमारे सोळापट होतो. हा हिशेब घरी आल्यावर केला. रस्त्यावर फक्त मान खाली घालून गिअर हलके करत गेलो. पुलाच्या चढावर सर्वांत हलका गिअरही संपला, तेव्हा उतरलो आणि सायकल हाताने ढकलत वर नेली. पूर्वी असे उतरण्यापेक्षा मी घरीच थांबलो असतो.

घरी पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि सीटवर टेकणारी दोन्ही हाडे ठणकत होती. गुडघा मात्र गप्प होता. सायकल पुसून या खेपेस दाराजवळच उभी केली आणि पंप माळ्यावर न टाकता तिच्या शेजारी ठेवला.