आठ पट्ट्यांचा संसार

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या टेकड्यांवर ऑक्टोबर १९९१ मध्ये मोठा वणवा भडकला. त्यात २५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तीन हजार घरे जळाली, त्यांत विल राइट या गेम बनवणाऱ्या माणसाचेही घर होते. राइट तोवर १९८९ च्या ‘सिमसिटी’मुळे नावाजलेले होते. त्या खेळात रस्ते, वीज, कर आणि वस्त्या यांची सांगड घालत खेळाडूने अख्खे शहर वसवायचे असे. घर गेल्यावर मात्र त्यांच्यासमोर शहराचा नाही, तर चमचे, गाद्या, कपबशा आणि टूथब्रश यांचा प्रश्न उभा राहिला. सगळेच पुन्हा घ्यायचे, तर आधी काय घ्यावे, कशावाचून चालेल आणि कशावाचून एक दिवसही निघणार नाही, या विचारातून त्यांना एका नव्या खेळाची कल्पना सुचली. पहिल्या आराखड्यात तो घर बांधण्याचाच खेळ होता. घरातली छोटी माणसे त्यात होती ती केवळ परीक्षक म्हणून, म्हणजे घर सोयीचे झाले आहे की नाही हे त्यांच्या वावरण्यावरून कळावे यासाठी. पुढे घरापेक्षा परीक्षकच अधिक रंजक निघाले. ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ बाजारात आला आणि संगणकावर संसार करून पाहण्याची सोय जगभरच्या लोकांना उपलब्ध झाली.

खेळाचे स्वरूप सांगायला अगदी सोपे आहे. एक कुटुंब तयार करायचे, त्याला हातात मिळालेल्या २०,००० सिमोलियनांतून (हे खेळातले चलन) जागा आणि घर घेऊन द्यायचे, नोकरी शोधायची, स्वयंपाक करायचा, बिले भरायची आणि हे सारे निभावत राहायचे. त्यात राक्षस नाही, बंदूक नाही, शेवटचा टप्पा नाही आणि जिंकणेही नाही. असा खेळ कोण विकत घेईल, अशी शंका तो प्रकाशित करणाऱ्यांनाही बराच काळ वाटत होती. तरीही दोनच वर्षांत तो तोवरचा सर्वाधिक खपलेला संगणकीय खेळ ठरला. मी तो पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात मामेभावाच्या खोलीत. तो स्वतः मोटारींच्या शर्यती खेळणारा होता, पण त्याच्या दोन्ही बहिणी आणि पुढे मीही त्या खुर्चीवरून उठेनाशा झालो. घरच्या कामाला हाक मारली की ‘आले’ म्हणायचे आणि पडद्यावरच्या बाईकडून मोरी पुसून घ्यायची, हे आमच्या मामीला कधी समजले नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे आजही मला वाटत नाही.

प्रत्येक सिमच्या, म्हणजे खेळातल्या माणसाच्या, आयुष्याचा ताळेबंद आठ पट्ट्यांत मांडलेला असे : भूक, आराम, स्वच्छता, शौचाची निकड, शक्ती, करमणूक, सहवास आणि आठवी म्हणजे ज्या खोलीत तो उभा आहे त्या खोलीची कळा. पट्टी हिरवी असली की बरे आणि लाल होऊ लागली की धावपळ. नव्या खेळाडूला वाटते की खेळ मोठा बंगला बांधण्याचा, बढती मिळवण्याचा किंवा प्रेम जमवण्याचा आहे. दोनतीन दिवसांत त्याला कळते की तो मुख्यतः वेळेवर शौचालय गाठण्याचा आहे. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजेच तिथला अख्खा दिवस आपल्या २४ मिनिटांत आटोपतो. या हिशोबात आंघोळ, न्याहारी, उष्टी ताटे उचलणे आणि दारातून कचरा नेऊन टाकणे एवढ्यातच सकाळ संपते आणि बाहेर ऑफिसची गाडी येऊन हॉर्न देऊ लागते. संध्याकाळी परतलेला माणूस थकलेला, भुकेला आणि घामेजलेला असतो. त्याला जेवू घालावे तर करमणुकीची पट्टी घसरते, दूरदर्शनसमोर बसवावे तर झोपेची. बायकोशी दोन शब्द बोलायला वेळ उरतो तो रात्री अकराला, आणि तेव्हा ती खुर्चीतच पेंगत असते. इतका खरा संसार कोणत्याही कौटुंबिक मालिकेत मी पाहिलेला नाही. मालिकेतल्या बाईला कारस्थान करायला दिवसभर मोकळा वेळ असतो. सिम बाईला कारस्थान करायचे झाले तरी आधी सिंकमधली भांडी घासावी लागतात, कारण ती तशीच राहिली की माश्या घोंगावू लागतात आणि आठवी पट्टी उतरते.

या खेळाच्या पोटात असलेली एक युक्ती मला फार उशिरा कळली, पण कळल्यापासून ती डोक्यातून जात नाही. सिमची बुद्धी त्याच्या डोक्यात थोडीच असते. बरीचशी ती घरातल्या वस्तूंत भरलेली असते. फ्रिज सतत आपल्याभोवती जाहीर करत असतो की मी भूक भागवतो, पलंग सांगत असतो की मी थकवा घालवतो, आणि दूरदर्शन संच सांगतो की मी जीव रमवतो. सिम फक्त आपल्या पट्ट्या पाहतो आणि ज्या वस्तूची हाक त्या क्षणी सर्वांत मोठी ऐकू येईल तिच्याकडे चालू लागतो. नवी वस्तू घरात आणली की ती कशी वापरायची याचे ज्ञानही ती स्वतःबरोबरच घेऊन येते. त्यामुळेच पुढे शेकडो नव्या वस्तू विकता आल्या आणि माणसांना काही नव्याने शिकवावे लागले नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही सोय अफलातून होती. पण घरात वावरताना आपणही किती वेळा असेच चालतो, हे एकदा लक्षात आले की जरा अवघडल्यासारखे होते. पाणी प्यायला उठलेली मी स्वयंपाकघरातून चिवड्याचा डबा घेऊन परत येते, तेव्हा निर्णय माझा होता की डब्याचा, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बनवणाऱ्यांनी या माणसांना मुद्दामच थोडे अजागळ ठेवले आहे. सर्वांत योग्य काम कोणते हे मोजता येत असूनही, चांगल्या चारदोन पर्यायांपैकी एक ते चिठ्ठी उचलावी तसे निवडतात. कारण तेच सर्व अचूक करू लागले तर खेळाडूने करायचे काय? घरातला कर्ता माणूस अगदी आवश्यक वाटावा यासाठी इतरांनी थोडे बावळट असावे लागते, ही व्यवस्था पाहून मला आमच्या नात्यातले एकदोन कर्ते पुरुष आठवले, पण ते असो.

मला या खेळाबद्दल सर्वांत जास्त बोलावेसे वाटते ते एका नियमाविषयी. पहिल्या ‘सिम्स’मध्ये नोकरीच्या दहा वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेला दहा पायऱ्या. वरच्या पायऱ्यांवर चढायचे तर अंगी कौशल्य हवे, मनःस्थिती प्रसन्न हवी आणि त्याशिवाय मित्र हवेत. मात्र हे मित्र नोकरी करणाऱ्याचेच असले पाहिजेत, अशी अट नव्हती. मोजदाद व्हायची ती अख्ख्या कुटुंबाच्या मित्रांची. मैत्री एकदा जोडली की टिकते, असेही नव्हते; बोलणे-भेटणे थांबले की तिचे गुण आपोआप घटत. या नियमांतून जगभरच्या खेळाडूंनी, कोणी न शिकवता, एकच डाव शोधून काढला. एकाने नोकरीला जायचे आणि दुसऱ्याने घरी राहून दिवसभर फोन करायचे, शेजाऱ्यांना बोलवायचे, खाऊपिऊ घालायचे, विनोद सांगायचे, निरोप द्यायचा आणि चार दिवसांनी पुन्हा बोलवायचे. बढतीचे पत्र यायचे ते मात्र नोकरदाराच्या नावाने.

हा डाव खेळताना मी कितीतरी वेळा थांबले आहे, कारण तो मला आधीपासून पाठ होता. आमच्या घरात हे खाते आईकडे होते. कोणाच्या मुंजीला गेलो नाही, कोणाच्या घरून आलेल्या डब्यातून काहीतरी घालून तो परत द्यायचा आहे, कोणाला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आवर्जून बोलवायचे आणि कोणाच्या आजारपणात निदान फोन तरी करायचा, याची अदृश्य वही तिच्या डोक्यात असे. त्या वहीतली एखादी ओळ राहून गेली की नात्याचे गुण घसरत हे तिला कोणत्याही पट्टीशिवाय कळत असे. माझ्या काकांना गावाजवळची जागा मिळाली तेव्हा त्यांच्या हुशारीचे सर्वांनी कौतुक केले. ज्या घरातून त्या जागेची खबर आली होती, त्या घरी वर्षानुवर्षे दिवाळीचा फराळ कोण पोचवत होते, याची चौकशी कोणी केली नाही. अर्थशास्त्राच्या कोष्टकांत आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत या श्रमाला रकाना नाही. कॅलिफोर्नियातल्या एका खेळाने मात्र, बहुधा फारसा हेतू न धरता, त्याला आकडा दिला आणि त्याच्यावाचून बढती होत नाही हे दाखवून दिले. खेळणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली आणि बायका असल्याचे पुढे बनवणाऱ्यांनीच सांगितले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

पहिल्या खेळात एक विचित्र सुख होते, ते म्हणजे कोणी म्हातारे होत नसे. पाळण्यातले बाळ तीन दिवस रडून एकदम शाळकरी पोर होई आणि मग ते कायमचे शाळकरीच राही. त्या तीन दिवसांत बाळाकडे लक्ष दिले नाही, तर समाजसेविका दारात येऊन त्याला घेऊन जाई. २००४ मध्ये ‘द सिम्स २’ आला आणि आयुष्याला पायऱ्या मिळाल्या. मुलाला आईचे नाक आणि बापाची हनुवटी येऊ लागली, आजी-आजोबा झाले आणि मरणही वयानुसार येऊ लागले. चौथा भाग २०१४ मध्ये आला, तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती-चालती मुलेही नव्हती. तलाव त्याच वर्षी परत आले, मुलांना मात्र जानेवारी २०१७ उजाडावा लागला. तोवर पाळण्यातले बाळ थेट शाळेच्या वयाचे होत असे. खेळाडू यावर फार संतापले होते, पण दोन वर्षांच्या मुलामागे वाटी घेऊन फिरलेल्या कोणत्याही आईला ती सोय वाईट वाटली नसती.

अशा खेळांची वंशावळ ‘सिम्स’पासून सुरू होत नाही. १९८५ मध्येच ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ नावाच्या खेळात एक गृहस्थ पडद्यावरच्या घरात राहायला येत असे आणि त्याला जेवण व पाणी पुरवावे लागत असे. २००९ चा ‘व्हर्च्युअल फॅमिलीज’ तर संगणक बंद केल्यावरही चालू राहतो. आपण कामात बुडालेलो असतो तेव्हा तिकडे कोणी आजारी पडते, कोणी उपाशी राहते. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, आपण दत्तक घेतलेल्या माणसासाठी स्थळे ईमेलने सांगून येतात. समोरच्याचा व्यवसाय वाचायचा, विचार करायचा आणि पसंत नसेल तर नकार कळवायचा. ‘सिम्स’मध्ये प्रेम जमवण्यासाठी जो सगळा खटाटोप करावा लागतो, तो इथे मध्यस्थावर सोपवलेला आहे. आमच्या पिढीच्या मावश्यांना हा खेळ दाखवला असता, तर त्यांनी दोन दिवसांत सगळ्या पात्रांची लग्ने लावून टाकली असती.

आता माझी भाची लॅपटॉपवर चौथा ‘सिम्स’ खेळते. मूळ खेळ २०२२ पासून फुकट मिळतो आणि पैसे जातात ते पुढच्या जोडण्यांवर, म्हणजे वेगळ्या विकल्या जाणाऱ्या वाढीव भागांवर. त्यातली एक जोडणी, २०२१ ची, मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेली आहे. भाचीने तिच्यातले कपडे घरातल्या सगळ्यांना घालून पाहिले. पट्ट्या आता आठाच्या सहा झाल्या आहेत, पण एका कुटुंबात आठांहून अधिक माणसे घालता येत नाहीत हा नियम मूळच्या खेळात तसाच आहे. तिच्या हिशोबात आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, ती आणि तिचा भाऊ एवढ्यांतच घर भरले, आणि चुलतभाऊ बाहेर राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘फॉर रेंट’ या जोडणीत एकाच इमारतीत अनेक बिऱ्हाडे करता येतात, भिंतीला कान लावून शेजारच्यांचे बोलणेही ऐकता येते. तिने मग काका-काकूंना चुलतभावासह शेजारच्या बिऱ्हाडात हलवले आणि प्रश्न सोडवला.

आईने चष्मा लावून हे सर्व पाहिले. पडद्यावरची स्वतःची मूर्ती तिला फारच सडपातळ वाटली, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. दोन्ही घरांचे पैसे वेगवेगळे दिसतात का, असे तिने विचारले. भाचीने दिसतात म्हणून सांगितले आणि कोपऱ्यातला आकडाही दाखवला. मग काकूकडे नैवेद्याचे ताट जाईल त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, असा आईचा पुढचा प्रश्न होता. खेळात तसे ताट पाठवायचे बटण नाही, असे भाची म्हणाली. त्यावर आईने तिच्याकडून काकूंना जेवायला बोलावणे करून घेतले आणि सहा वाजताच बोलाव, उशीर झाला की ती येत नाही, असेही वर बजावले.