आमची वाटचाल : पहिले पन्नास सप्लाय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराची मागची खोली हा आमचा पहिला कारखाना. बाबा कलाभवनात प्रयोगशाळेत होते. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेचा त्यांना फार अभिमान. सोल्डरिंग मी त्यांच्याकडूनच शिकलो. आधी विजेच्या पॅनेलमधले बंद पडलेले पॉवर सप्लाय (लाइनच्या एसीचं कमी व्होल्टचं डीसी करून देणारे) दुरुस्त करायचो. धाकटा भाऊ शिकून आला, तेव्हा स्वतःचाच बनवायचं ठरवलं : २४ व्होल्ट, अडीच अँपिअर, फ्लायबॅक जातीचा (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून पुढे देणारा), यूसी३८४४ या कंट्रोल आयसीवर चालणारा.

पहिली ऑर्डर पन्नास नगांची. टेबलावर प्रत्येक नग चार तास पूर्ण लोडवर चालवून मगच दिला. महिनाभरात नग परत यायला लागले. मॉसफेट (ट्रान्सफॉर्मरचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट, फ्यूज काळा, बहुतेकदा आयसीही गेलेला. मॉसफेट बदलून पाठवायचो आणि आठवड्याने गिऱ्हाइकाचा फोन, "भाई, सप्लाय फरी ऊडी गयो." लाज वाटायची.

दोन गोष्टी उशिरा लक्षात आल्या. नग रात्रपाळीतच जायचे. आणि जळालेल्या प्रत्येक बोर्डावर स्नबरचा (मॉसफेटवरचा व्होल्टेजचा झटका शोषणाऱ्या सर्किटचा) रेझिस्टर तपकिरी पडलेला असायचा. आमच्या नमुन्यात तो कोरा होता.

भावाने हिशेब मांडला. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय केले की ३२५ डीसी. मॉसफेट बंद होताना सेकंडरीकडून (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटकडच्या गुंडाळीकडून) परावर्तित झालेले ११० त्यावर चढतात, आणि त्याच्याही वर लीकेज इंडक्टन्सचा (लाइनकडच्या प्रायमरी गुंडाळीतून सेकंडरीत न पोचणाऱ्या भागाचा) टोकदार स्पाइक. रात्री आजूबाजूचा लोड उतरला की तिथली लाइन २६५ ला जायची, म्हणजे ३७५ डीसी. ११० मिळवले की ४८५. मॉसफेट ६०० चा. स्पाइकसाठी उरले ११५. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून १००:१ प्रोबने ऑसिलोस्कोपवर मॉसफेटचा ड्रेन (प्रायमरीला जोडलेला पाय) पाहिला, तर स्पाइक १३० च्या आसपास. (स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून मोजणारे अजूनही दिसतात. आमच्याकडे ते कुणालाच करू देत नाही. स्कोपची बॉडीच लाइव्ह होते.)

पण नमुन्यात स्पाइक ६० चाच होता! मग ट्रान्सफॉर्मर काढले, सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरीचं इंडक्टन्स एलसीआर मीटरवर मोजलं, म्हणजे लीकेज कळतं. नमुन्यात ११ मायक्रोहेन्री, ऑर्डरमधल्यांत ३८. टर्न तेवढेच, कोअर तोच, गॅपही तोच. शेवटी एक ट्रान्सफॉर्मर उकलला. मी नमुना गुंडाळताना अर्धी प्रायमरी, तिच्यावर सेकंडरी, वर उरलेली प्रायमरी असं केलं होतं. ऑर्डरचे ट्रान्सफॉर्मर आमच्या गल्लीतल्या काकूंनी गुंडाळले. त्यांनी पूर्ण प्रायमरी घालून वर सेकंडरी चढवली. अशाने दोन्हींची जवळीक कमी होते आणि लीकेज वाढतं. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. मी दिलेल्या कागदावर वायरचा गेज होता, टर्न होते, टेपचे थर होते, क्रम नव्हता. तो माझ्या डोक्यातच राहिला होता.

एकाने सुचवलं, ८०० व्होल्टचा मॉसफेट टाका, प्रश्न मिटेल. टाकता आला असता. पण लीकेजमध्ये दर सायकलला साठणारी ऊर्जा स्नबरमध्येच जळत राहिली असती, आणि शेजारचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर त्या उष्णतेत सुकला असता. बडोद्याचा मे महिना, त्यात बंद पॅनेल. वर्षभरात पुन्हा तेच फोन आले असते. म्हणून पन्नासच्या पन्नास नग परत आणले आणि ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतले. काकूंना दोन्ही वेळची मजुरी दिली. त्या वर्षी हाती काही उरलं नाही. गिऱ्हाईक मात्र टिकलं, आजही आहे.

आता मकरपुरा जीआयडीसीत गाळा आहे. येणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं लीकेज मोजलं जातं आणि तयार नग डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) १७० पासून २६५ व्होल्टपर्यंत चालवला जातो. वाइंडिंगचं टेबल काकूंकडे आहे. त्यांनी तीन मुली तयार केल्या. नव्या डिझाइनचा कागद हातात पडला की त्या आधी विचारतात, "आत काय, वर काय, आणि का रे?" मग मी स्टूल ओढून त्यांच्या टेबलाशी बसतो.